सणाचं मनन आणि शुभेच्छा: आधी दिवस, मग माणूस, मग वचन

उत्तम शुक्रवारी सकाळपासून फोनवर 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' येऊ लागतात. कुणी फुलांचा गुच्छ पाठवतं, तर कुणी येशूच्या चित्राखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितं. डिसेंबरात बर्फात उभी लाकडी घरं आणि हरणांची गाडी येते, खाली वचन (बायबलमधलं वाक्य) असतं, पण अध्याय-ओवी चुकलेली. नवापूर-साक्रीपासून रावेर-भुसावळपर्यंत मंडळ्यामंडळ्यांतून, म्हणजे गावोगावच्या चर्चमधल्या लोकांत, हेच फिरतं. पाठवणाऱ्यांचं मन चांगलंच असतं. गडबड होते ती क्रमात. आपण हाताशी आलेल्या चित्रापासून सुरुवात करतो आणि दिवस कोणता, वाचणारा कोण, वचन काय सांगतं, याचा विचार नंतर करतो किंवा करतच नाही.

रविवार शाळेच्या शिक्षिका, तरुण संघाचे सेक्रेटरी, महिला मंडळात पाच मिनिटं बोलायला उभ्या राहणाऱ्या बहिणी, आणि घरच्या घरी दहा जणांना दोन ओळी पाठवणारा कुणीही, अशा सगळ्यांसाठी सणाचं मनन (वचनावरचं छोटं बोलणं) आणि शुभेच्छा लिहिण्याची ही पद्धत आहे.

## तयारी: बसण्याआधी काय हाताशी हवं

छापील पवित्र शास्त्र (बायबल), या वर्षाचं मंडळीचं कॅलेंडर, एक साधी वही आणि माणसांची यादी. फोन बाजूला ठेवा, तो शेवटच्या टप्प्यात लागेल.

छापील प्रतीचा आग्रह यासाठी की फोनवर शोधलं की एकच ओवी समोर येते. पुस्तकात तिच्या वरचं आणि खालचं डोळ्यांना आपोआप दिसतं, आणि पुढे सांगितलेल्या निम्म्या चुका तिथेच टळतात. तुमच्या मंडळीत जी आवृत्ती वाचली जाते तीच घ्या. बायबल सोसायटीची प्रत वाचणाऱ्या आजींना वेगळ्या भाषांतरातली ओवी पाठवली, तर त्यांना पाठ असलेले शब्द जुळत नाहीत आणि त्या गोंधळतात.

वेळही आधी राखून ठेवा. नाताळचं मनन नाताळच्या आदल्या रात्री लिहू नका. त्या आठवड्यात कॅरल, फराळ, पाहुणे आणि मुलांचं नाटक यांत कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. दहा दिवस आधी बसा.

## टप्पा १: दिवस नक्की करा

नाताळ २५ डिसेंबरलाच असतो, म्हणून बाकीचे दिवसही ठरलेले असतात असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ईस्टर २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या, चर्चच्या गणनेतल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये सरकत राहतो, आणि त्याच्याशी बांधलेले सगळे दिवसही सरकतात. २०२६ साली ईस्टर ५ एप्रिलला, २०२७ साली २८ मार्चला, २०२८ साली १६ एप्रिलला. गेल्या वर्षीचा मेसेज तारखेसकट पुढे ढकलला तर तो हमखास चुकतो.

येत्या चर्च-वर्षाच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- आगमनकाळाचा (नाताळची वाट पाहण्याच्या आठवड्यांचा) पहिला रविवार: २९ नोव्हेंबर २०२६
- नाताळ: शुक्रवार, २५ डिसेंबर २०२६
- भस्म बुधवार (उपवासकाळाची सुरुवात): १० फेब्रुवारी २०२७
- झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा): २१ मार्च
- उत्तम शुक्रवार: २६ मार्च
- पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर): २८ मार्च
- येशूचं स्वर्गारोहण: गुरुवार, ६ मे
- पेंटेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा दिवस): १६ मे

तारखेसमोर त्या दिवसाचा भाव एका शब्दात लिहा. आगमनकाळासमोर 'वाट पाहणं', नाताळसमोर 'आनंद', भस्म बुधवारसमोर 'पश्चात्ताप', उत्तम शुक्रवारसमोर 'शोक', पुनरुत्थानासमोर 'आश्चर्य'. मनन लिहिताना भरकटलात तर याच शब्दाकडे परत या. चार रविवारांचा आगमनकाळ पहिल्याच दिवशी 'नाताळच्या शुभेच्छा' देऊन संपवला, तर वाट पाहण्याला जागाच उरत नाही.

इशारा. उत्तम शुक्रवारला शुभेच्छा नसतात आणि श्रद्धांजलीही नसते. शुभेच्छा नसतात, कारण आपण वधस्तंभासमोर उभे असतो. श्रद्धांजली नसते, कारण ज्याच्याबद्दल बोलतो तो तिसऱ्या दिवशी उठला, असा आपला विश्वास आहे. चौकातल्या फलकावर मंडळीच्या नावाने असं काही लागणार असेल, तर मजकूर आधी पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) दाखवा. त्या दिवशी पाठवायचंच असेल तर एवढं पुरतं: 'आज उत्तम शुक्रवार. दुपारी १२ ते ३ उपासना आहे. प्रभूने आपल्यासाठी जे सोसलं त्याचं स्मरण करू.' चित्र आणि फुलं नकोत.

दुसरी खबरदारी आपल्या भागासाठी. खान्देशात सगळ्या मंडळ्या सगळे दिवस पाळत नाहीत. काही ठिकाणी उपवासकाळाचे चाळीस दिवस काटेकोर असतात, तर काही मंडळ्यांत भस्म बुधवार कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. दुसऱ्या मंडळीत बोलायला बोलावलं असेल तर तिथे काय पाळतात हे आधी विचारून घ्या. आणि होळीचंही भान ठेवा. सातपुड्यातल्या गावांत होळी हा वर्षाचा मोठा सण आहे, आणि ती पुण्य आठवड्याच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याच्या, आगेमागे येते. २०२४ साली होळी आणि झावळ्यांचा रविवार एकाच दिवशी, २४ मार्चला होते. अशा वर्षी गावात ढोल वाजत असताना कोणत्या वेळी उपासना ठेवायची, हे महिनाभर आधी ठरवावं लागतं.

## टप्पा २: माणूस ठरवा

इथेच घाई होते. एकच मजकूर दोनशे जणांना गेला की तो कुणालाच गेलेला नसतो. यादी करा आणि तिचे चार भाग पाडा.

पहिला भाग गावातल्या मंडळीचा. त्यांना थोडक्यात चालतं, कारण ते उपासनेत भेटणारच आहेत.

दुसरा भाग बाहेरगावी गेलेल्यांचा. नंदुरबार-धुळ्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जातात, काही सुरतेला कामाला. त्यांचा नाताळ फडावर, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) जातो. यादीत त्यांना सगळ्यात वर ठेवा.

तिसरा भाग दुःखातल्या घरांचा. यंदा ज्या घरातून माणूस गेलं, जिथे आजारपण आहे, ज्याची केळीची बाग वादळात आडवी झाली, त्यांची नावं वेगळी लिहा.

चौथा भाग शेजारपाजाऱ्यांचा, ख्रिस्ती नसलेल्यांचा. ते दिवाळीला ताट पाठवतात, आपण नाताळला.

तपासणी. तिसऱ्या भागात एकही नाव नसेल, तर तुम्ही नीट विचार केलेला नाही. मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.

## टप्पा ३: वचन निवडा आणि तपासा

आता शास्त्र उघडा. क्रम असा ठेवा:

१. दिवसाच्या घटनेचा उतारा आधी पूर्ण वाचा. आवडती ओवी शोधायची ती त्यानंतर.

२. त्यातली एकच ओवी घ्या. दोन घेतल्या की दोन मननं होतात.

३. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या किमान पाच ओव्या वाचा.

४. पुस्तक, अध्याय, ओवी लिहा, आणि लिहिलेलं पुस्तकाशी बोट ठेवून ताडून पाहा.

तिसरी पायरी का, ते नववर्षाच्या मेसेजवरून कळतं. यिर्मया २९:११ दर १ जानेवारीला फिरतं: देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वचन खरं आहे आणि सुंदर आहे. पण ते बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्याच आधीच्या ओवीत सांगितलं आहे की परत यायला सत्तर वर्षं लागतील. त्याआधी पाचव्या ओवीत म्हटलं आहे की तिथेच घरं बांधा, मळे लावा. एवढं वाचल्यावर 'या वर्षी नोकरी लागेलच' असा अर्थ काढता येत नाही. उलट, घरापासून दूर फडावर असलेल्या माणसाला हे पत्र किती जवळचं वाटेल, ते दिसतं.

नाताळच्या उताऱ्यांतही लोक बऱ्याच गोष्टी मिसळतात. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहेत, तारा आणि मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात. मागी लोक तीन होते असं मत्तय कुठेही म्हणत नाही, भेटी तीन आहेत. ते गव्हाणीपाशी आले असंही तो म्हणत नाही, मत्तय २:११ मध्ये 'घर' आहे. मुलांच्या नाटकात सगळे एकत्र दिसले तर बिघडत नाही. पण मननात 'लूक सांगतो की ताऱ्याने मेंढपाळांना वाट दाखवली' असं म्हटलं, तर ते शास्त्रात नाही.

इशारा. 'जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो' हे वाक्य पवित्र शास्त्रात नाही. सोबत अध्याय-ओवी नसलेलं कोणतंही 'वचन' पुढे पाठवू नका.

## टप्पा ४: आपल्या मातीतलं एक दृश्य

वचन मिळालं की विचारा, असं काही मी इथे पाहिलं आहे का? शोधून आणलेली गोष्ट किंवा परदेशातल्या राजाची कहाणी नको. एकच दृश्य हवं, पण ते ऐकणाऱ्यानेही पाहिलेलं असावं.

नाताळला बर्फ कशाला? डिसेंबरात आपल्याकडे कापसाची वेचणी चालू असते, थंडी वाढली की केळीची वाढ थांबते, आणि शेतीची वीज कित्येकदा रात्रीच येते. मेंढपाळ रात्री रानात राहून कळप राखत होते (लूक २:८). हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री बांधावर उभा असलेला माणूस हे सहज समजतो.

उत्तम शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी एखाद्यावर बोलणं वाट्याला येतं. 'मला तहान लागली आहे' (योहान १९:२८) हा उद्गार आपल्या भागात लांबवून समजावण्याची गरज नाही. मार्च संपत आलेला असतो, काही गावांत टँकर सुरू झालेले असतात. हंड्यांच्या रांगेचं एक वाक्य सांगा आणि परत वधस्तंभाकडे या. रांगेवरच रेंगाळलात तर भाषण पाणीटंचाईवर होईल.

पावसाळ्याच्या तोंडावर पेरणीची प्रार्थना असेल तर स्तोत्र १२६ आहे, आसवं गाळत पेरणाऱ्यांचं. दुबार पेरणीचं बियाणं उसनवारीने आणलेल्या शेतकऱ्यासमोर ते वाचताना आवाज आपोआप हळू होतो.

## टप्पा ५: मनन लिहा

बोलून तीन ते चार मिनिटं, म्हणजे लिहून साधारण चारशे शब्द. क्रम असा: दृश्य, वचन, वचनातली एक गोष्ट जी लोकांच्या नजरेतून सुटते, ऐकणाऱ्याशी तिचा संबंध, छोटी प्रार्थना.

पुनरुत्थानाच्या आठवड्यासाठी एक उदाहरण घेऊ. उतारा योहान २१. ऊसतोडीची माणसं याच सुमारास परतू लागतात, थकलेली, कुणी उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडून तर कुणी ती अंगावर घेऊनच. मनन असं सुरू करता येईल:

'रात्रभर जाळं टाकून शिष्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. पहाटे ते किनाऱ्याला लागले तेव्हा कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती आणि भाकर होती. उठलेला प्रभू त्यांना म्हणाला, "या, न्याहारी करा." त्याने आधी हिशेब विचारला नाही. आणि आठवा, पेत्र आणखी एका कोळशाच्या विस्तवाशी उभा राहिला होता, महायाजकाच्या अंगणात, आणि तिथे त्याने प्रभूला नाकारलं होतं. त्याच पेत्राला प्रभूने विस्तवाशी बोलावलं आणि आधी जेवू घातलं. तुमच्यापैकी कुणी आज रिकाम्या हाताने घरी आला असेल. कुणाला मंडळीत पाऊल टाकायची लाज वाटत असेल. प्रभू तुम्हालाही आधी न्याहारीला बोलावतो.'

दुसऱ्या विस्तवाची गोष्ट योहान १८:१८ मध्ये आहे. लोकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणतो ती हीच. ती शोधायला ग्रंथालय लागत नाही, तेच शुभवर्तमान दोनदा सावकाश वाचलं की सापडते. एका मननाला अशी एकच पुरे. १५३ माशांचा अर्थ, जाळं का फाटलं नाही, पेत्राला तीनदा का विचारलं, हे सगळं पुढच्या वेळेसाठी ठेवा. चांगल्या मननाची माती होते ती बहुतेक वेळा साहित्य जास्त झाल्यामुळे.

आणखी तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, 'आपण सर्वांनी' असं म्हणत उपदेशाची यादी लावणं. दुसरी, उपासनेला न आलेल्यांना आलेल्यांसमोर बोलणं. तिसरी, पुनरुत्थानाच्या सकाळी पुन्हा खिळ्यांचं आणि काट्यांचं वर्णन करत बसणं. त्या सकाळी मग्दालीया मरीया कबरेपाशी रडत होती आणि समोर उभ्या प्रभूला माळी समजली (योहान २०:१५). त्यानेच तिला नावाने हाक मारली. तिथपर्यंत लोकांना घेऊन या.

तपासणी. लिहिलेलं मोठ्याने वाचा, समोर घड्याळ ठेवा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दृश्य लहान करा, वचन नाही.

## टप्पा ६: शुभेच्छा, माणूस पाहून

मननातलं एखादं वाक्य उचलून शुभेच्छा बनवू नका. शुभेच्छा हे पत्र आहे, त्यात त्या माणसाचं काहीतरी हवं.

फडावरच्या भावाला:

'सलाम दादा, नाताळचा सलाम. वहिनीला आणि पोरांना सांग. काल कॅरल घेऊन तुमच्या दाराशी आलो होतो. कुलूप होतं, पण आई म्हणाली एक गाणं म्हणाच, म्हणून म्हटलं. प्रभूही घरापासून लांबच जन्मला, गव्हाणीत. तो तुमच्या कोपीत आहे. धाकट्याचा खोकला कमी झाला का ते कळव. रविवारी तुमची नावं घेऊन प्रार्थना केली.'

ज्या घरात यंदा दुःख झालं तिथे:

'अक्का, आप्पांशिवायचा हा पहिला नाताळ. दुपारी मी डबा घेऊन येते. उपासनेला यावंसं वाटलं तर सोबत जाऊ, नाही वाटलं तर घरीच बसू.'

यात 'आनंदी' किंवा 'हर्ष' असा शब्द घालू नका, रडू नका असंही सांगू नका. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला (योहान ११:३५).

शेजारच्या काकूंना:

'काकू, उद्या आमचा नाताळ. संध्याकाळी सगळे फराळाला या. काकांसाठी बिनसाखरेचं वेगळं केलंय.'

शेजाऱ्यांच्या शुभेच्छेत प्रवचन, पत्रक किंवा 'विचार करा' असलं काही जोडू नका. त्यांनी घरी येऊन गव्हाणीचं चित्र पाहून विचारलं, तर मोकळेपणाने सांगा. आधी पाहुणचार.

## टप्पा ७: आवाज आणि वेळ

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांत आणि फडावर मोठं चित्र किंवा व्हिडिओ उतरायला वेळ लागतो, कधी उतरतच नाही. पन्नास-साठ सेकंदांचा आवाजी मेसेज जातो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही पोचतो. घरी जी बोली बोलता तीच बोला. अहिराणी घरात 'नाताळन्या शुभेच्छा भाऊ, तब्येत कशी शे?' एवढं ऐकून जो जीव सुखावतो, तो छापील मराठीने सुखावत नाही. पावरी, मावची, भिली घरांतही तसंच करा. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने देवाची महत्कृत्यं आपापल्या भाषेत ऐकली (प्रेषितांची कृत्ये २:११), तेव्हा उपासनेतलं वाचनही त्या दिवशी दोन-तीन बोलींत ठेवा. मे महिन्याचं ऊन पाहता उपासना सकाळी लवकर हवी.

ऊसतोडीवर माणसं भल्या पहाटे कामाला लागतात, म्हणून त्यांना आदल्या संध्याकाळी पाठवा. पुनरुत्थानाची शुभेच्छा शनिवारी पाठवू नका. शनिवार कबरेचा दिवस आहे, रविवारी सकाळपर्यंत थांबा.

## हंगामाच्या सणासाठी वेगळी खबरदारी

पिकासाठी देवाचे आभार मानण्याचा हा दिवस मंडळीनुसार ठरतो. ज्वारी, तूर, केळीचा घड, कोंबडी, अंडी वेदीपुढे येतात, काही ठिकाणी नंतर लिलाव होतो. इथे मननाचा सगळा भर 'देवाने भरभरून दिलं' यावर टाकला, की बोंडअळीने कापूस गेलेला माणूस मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. उपकारस्तुतीबरोबर हबक्कूक ३:१७-१८ वाचा: अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. लिलावात बोलीचे आकडे पुन्हा पुन्हा पुकारू नका, आणि कोणी काय आणलं हे नावानिशी वाचू नका. वाढलेलं धान्य कोणत्या घरी जाणार हे सणाआधी वडीलवर्गात (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांत) ठरवा आणि अंधार पडल्यावर, गाजावाजा न करता पोचवा.

## पाठवल्यानंतर

उत्तर आलं की त्याच दिवशी दोन शब्द लिहा. शेजाऱ्यांकडून 'हॅपी गुड फ्रायडे' आलं तर चूक काढू नका. 'आठवण ठेवलीत, आभार. रविवारी आमचा आनंदाचा दिवस आहे, चहाला या,' असं लिहा. वहीत प्रत्येक नावासमोर त्यांनी काय कळवलं ते टिपा: खोकला, परीक्षा, कर्ज, बाळंतपण. बाहेरगावी गेलेल्यांपैकी कुणाचं उत्तर आठवडाभरात आलं नाही, तर फोन लावा. फोन लागला नाही, तर टोळीच्या मुकादमाचा नंबर त्यांच्या घरून घ्या.